उंटावरचे आमचे मालक

आमचे घरमालक रस्त्यावर उतरत नसत. पेन्शन घेऊन कुर्डुवाडीहून सोलापूरला आले, माडीवर चढले आणि चढले ते तिथंच राहिले, असं पेठेत सांगत. ते अगदीच खरं नव्हे. मागच्या जिन्याला दोर बांधला होता, तो धरून ते परसात येत, न्हाणीघरात आंघोळ करत, तुळशीला पाणी घालत. पण पुढचा जिना, जो थेट रस्त्यावर उघडायचा, तो उतरताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. न्हावी वर जायचा. भाजी टोपलीतून दोरीनं वर जायची, आणि टोपली वर पोचेपर्यंत मालकांचा एखादा सल्ला भाजीवालीच्या पदरात पडलेला असायचा.

मी त्यांच्या खालच्या खोलीत भाडेकरू होतो. नातेपुत्याहून शाळामास्तर म्हणून सोलापुरात आलेला, बिनलग्नाचा, त्यामुळे सल्ल्याला सर्वांत सोयीचा. पहिल्याच सकाळी मी तांब्या घेऊन दाराबाहेर आलो तर वरून आवाज आला, "मास्तर, चूळ डावीकडं टाका. उजवीकडनं वारं सुटलंय." मी उजवीकडेच टाकली. ती माझ्याच धोतरावर आली. वर पाहिलं तर सज्जाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून एक उंच, वाळका माणूस शांतपणे उभा होता. त्याला आनंद झालेला नव्हता. पाऊस येणार म्हणून सांगितलं आणि आला, एवढाच त्याचा चेहरा होता.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये गेली होती. केबिन म्हणजे रुळांच्या कडेला उभारलेली उंच खोली. आत लोखंडी दांड्यांची रांग असते, वरून दांडी ओढली की खाली लांबवर रुळांचा सांधा बदलतो आणि गाडी दुसऱ्या रुळावर जाते. कामावर असताना केबिन सोडायची नाही, खाली काही का होईना, हा नियम. सांगायचं ते खिडकीतून ओरडून सांगायचं. इतकी वर्षं असं केल्यावर माणसाला खाली उतरून बोलणं म्हणजे बेशिस्त वाटत असली पाहिजे. ते म्हणत, "खालच्याला रूळ दिसतोय मास्तर, वरच्याला गाडी दिसती." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आमच्या पेठेत नव्हता.

निशाणंसुद्धा त्यांनी घरी आणली होती. सज्जाला हिरवं फडकं बांधलेलं असलं की मालक सल्ल्याला मोकळे. लाल बांधलं की मालक झोपलेत, जेवताहेत किंवा मालकीणबाईंशी त्यांचं काही बोलणं चाललंय. हे तिसरं कारण सर्वांत जास्त वेळ चाले. मालकीणबाई मोजकं बोलत, पण ते पुरे होई.

सल्ले म्हणाल तर निम्मे बरोबर निघत. कुठले निम्मे, हे मात्र आधी कळत नसे. सर्दीवर त्यांनी मला कच्चा कांदा छातीला बांधायला सांगितला, तेव्हा सर्दी राहिली आणि माझा वर्ग तेवढा खिडकीकडे सरकला. उलट माझ्या लग्नाचं बघा. मुलगी बघायला निघालो तर वरून म्हणाले, "मुलीकडं लई बघू नका, ती घाबरंल. तिच्या भावाच्या चपला बघा. चपला झिजलेल्या आणि सांधलेल्या असल्या तर घर कष्टाचं आणि नेटकं हाय, डोळे मिटून हो म्हणा." मी चपला बघितल्या, हो म्हटलं, आणि आज इतक्या वर्षांनी त्या चपलांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी सगळा वेळ उंबऱ्याकडे का बघत होतो, हे मात्र बायको अजून विचारते.

समोर दामू शिंप्याचं दुकान होतं. दामू मशीन चालवता चालवता कुणाचीही नक्कल करायचा. मालकांना 'उंटावरचा शहाणा' हे नाव त्यानंच दिलं, आणि ते असं चपखल बसलं की पोस्टमनही पत्ता न वाचता तेच विचारू लागला. दुसरा एखादा चिडला असता. मालकांनी ते पदवीसारखं घेतलं. बुद्धिबळाचा पट मांडून ते मला वर बोलवायचे आणि उंट हातात धरून त्या शहाण्याचं वकीलपत्र घ्यायचे.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो. एका गावात म्हशीनं रांजणात डोकं घातलं आणि ते अडकलं. गावानं शहाण्याला बोलावलं. तो उंटावर बसून आला, खाली उतरेना, उंट दारातून जाईना, म्हणून भिंत पाडली. आत जाऊन त्यानं सांगितलं, म्हशीची मुंडी कापा. कापली, तर मुंडी रांजणात राहिली. मग म्हणाला, आता रांजण फोडा. म्हैस गेली, रांजण गेला, भिंतही गेली.

"ह्यात त्याचं काय चुकलं?" मालक मला विचारायचे. "त्यानं भिंत पाडा म्हटलं, यांनी पाडली. मुंडी कापा म्हटलं, कापली. एकानं तरी 'का हो' म्हणून इचारलं का? शहाणा एकच होता, येडं सगळं गाव होतं. आणि नाव कुणाला, तर त्याला." असं म्हणून ते माझा घोडा मारायचे. बहुतेक वेळा तो मारण्यासारखा नसायचा, पण वाद घालायला मला उसंत नसे.

मग त्या वर्षी गणपतीत आमच्या पेठेच्या मेळ्यानं 'उंटावरचा शहाणा' बसवला. त्या काळी गणपतीत मेळे गल्लोगल्ली हिंडत, गाणी म्हणत, सोंगं करत, आणि गावातला एखादा ठळक माणूस त्यात सापडला की लोक खूश होत. दामूनं उंट शिवला. दोन गिरणीकामगार, त्यांच्यावर जोड चादर, पाठीवर वाशिंड म्हणून पाटी आणि मान म्हणजे पेंढा भरलेला पायजम्याचा पाय. त्या उंटावर दामू बसायचा, एका हातात हिरवं फडकं, एका हातात लाल. आणि मालकांच्या त्या सावकाश, नाकातल्या आवाजात म्हणायचा, "खालच्याला रूळ दिसतोय. भिंत पाडा." पहिल्या रात्री लोक हसले. तिसऱ्या ठिकाणी मेळा पोचेपर्यंत दामूच्या आधी लोकच ओरडू लागले होते, "भिंत पाडा."

मेळा आमच्या सज्जाखालीही आला. मालक कठड्याशी उभे राहून सगळं बघत होते. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टोपलीतून दामूसाठी नारळ खाली सोडला. त्यांचा मोठेपणा लोकांना आवडला, आणि ते पुन्हा हसले.

त्यानंतर सोलापुरात या उंटानं जो धुमाकूळ घातला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. घरी तेलुगू बोलणारे विणकर एरवी मराठी म्हणींच्या वाटेला जात नसत, पण माग बिघडला की तेही 'भिंत पाडा' म्हणू लागले. एकानं चादरीच्या काठाला उंटांची रांग विणली आणि ती चादर रुखवतात मांडायची चाल पडली. गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाल्यानं फळीचा उंट उभा केला. त्यावर बसून, बोट वर करून फोटो काढून घ्यायला चांगली पागोटेवाली माणसं रांगेत उभी राहत. लग्नात एका नवरीनं उखाणा घेतला, 'उंटावर शहाणा, त्याच्या हातात काठी, रावांचं नाव घेते भिंत पाडण्यासाठी,' आणि सासूनं कपाळाला हात लावला. माझ्या वर्गात तर मी फळ्याकडे वळलो की मागून उंटाचा आवाज निघायचा. उंट कसा ओरडतो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, त्यामुळे शिक्षा कशाबद्दल करावी हा प्रश्न होता.

इथवर ठीक होतं. पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट झाली. पेठेत कुणी कुणाला काही सांगेनासं झालं. सल्ला दिला की उंटावर बसवतील, ही धास्ती. न्हावी, जो एरवी राज्य कसं चालवावं हे सांगायचा, तो कात्री चालवून गप्प निघून जाऊ लागला. वैद्यबुवा नाडी बघून म्हणत, "काढा घ्यावा असं ग्रंथात आहे. मी म्हणत नाही." कोपऱ्यावरचे तेलवाले अण्णा, ज्यांच्या दुकानात करडईच्या भावाबरोबर सोयरिकी ठरत, ते कुणी काही विचारलं की मापट्यातच बघत राहत. माणसं आपापल्या अडचणी घेऊन हिंडत होती आणि समोरचा म्हणत होता, "तुमचं तुम्ही बघा बाबा."

आणि मालकांना तर कुणी विचारीनाच. हिरवं फडकं दिवसभर फडफडायचं. ते वरून काही बोलले की भाजीवाली तोंडाला पदर लावून पुढं सटकायची. एक दिवस ते फडकं निघालं आणि लाल बांधलं गेलं. दिवाळी गेली, गड्डा झाला, होळी आली, लाल तसंच. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. बुद्धिबळाला मी जायचो, पण ते मुकाट खेळत आणि जिंकत, आणि त्यात काही मजा नव्हती.

एकदा मीच विषय काढला. ते म्हणाले, "हसू दे की मास्तर. हसण्याचं मला काय न्हाय. केबिनवर असताना गाडीचे डायवर लोक शिव्या घालायचे, त्या गोड लागायच्या. कारण शिवी द्यायला का होईना, मान वर करून बघायचे. आता कोण वर बघत न्हाय." मग म्हणाले, "तुमची चाल हाय."

चैत्र संपून ऊन पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर आणि अण्णांचं दुकान यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. बोळाच्या एका अंगाला आमच्या न्हाणीघराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला अण्णांची पाणपोई. त्यांनी वडिलांच्या नावानं दगडी कट्टा बांधून त्यात भला मोठा रांजण पक्का बसवला होता. बोळाच्या टोकाला गंगव्वा राहायची. वळसंगकडची, नवऱ्यामागं एकटी. तिची एकच म्हैस, आणि ती नुकती व्यालेली. रेडकू गेलं तर म्हैस पान्हा चोरते, दूध देत नाही, हे पेठेतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. गंगव्वाचं घर त्या रेडकावर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

त्या दुपारी रेडकू दावं सोडवून बोळात आलं आणि पाण्याच्या वासानं त्यानं रांजणात डोकं घातलं. पाणी तळाशी गेलेलं. त्यानं डोकं कानांच्या मागपर्यंत आत कोंबलं आणि ते अडकलं. मग रेडकू बिथरलं आणि धडपडलं. गंगव्वा शेपूट ओढत होती आणि रांजणातून रेडकाचं ओरडणं घुमून येत होतं.

मी ओरडा ऐकून बाहेर आलो तोवर सगळी पेठ जमली होती आणि सगळी पेठ हसत होती. मेळ्यानं या खेपेला खरं जनावर आणलं, असं त्यांना वाटलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. दामू दुकानातून धावत आला तर लोकांनी त्याला वाट करून दिली. तो गंगव्वाकडे बघून थबकला आणि म्हणाला, "हे माझं न्हाय." तेव्हा कुठं हसणं थांबलं.

पण थांबून पुढं काय? रांजण फोडावा तर तो अण्णांच्या वडिलांच्या नावाचा, आणि खापरी गळ्यात घुसली तर रेडकू जागच्या जागी जायचं. अण्णा रांजणावर हात ठेवून उभे होते. "मी काय बोलत न्हाय," ते म्हणाले. "फोडा म्हणत न्हाय, नका फोडू म्हणत न्हाय. मी बोललो तर मलाच उंटावर बसवाल." वैद्यबुवांनी रेडकू आपल्या ग्रंथात बसत नाही असं सांगितलं. न्हावी हात बांधून उभा होता. एवढी माणसं, आणि एकाचंही तोंड उघडेना. रेडकाचा आवाज बारीक होत चालला होता.

मी वर पाहिलं. मालक सज्जाच्या बोळाकडच्या टोकाला होते. त्यांनी कठडा घट्ट धरला होता आणि ते खाली टक लावून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. या माणसाला काहीतरी दिसलंय आणि तो ते गिळतोय, एवढं मला कळलं.

गंगव्वानं शेपूट सोडलं. घाम पुसत तिनं मान वर केली. "अप्पा, नीवं हेळ्री," ती आधी कानडीत म्हणाली आणि मग मराठीत, "तुमी तरी सांगा की."

मालक कठड्यावरून आणखी वाकले. मग त्या सावकाश, नाकातल्या आवाजात, जो आता सोलापुरात शेंबड्या पोरालाही काढता येत होता, ते म्हणाले, "भिंत पाडा."

असं हसणं मी आजवर पुन्हा ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली. अण्णांनी रांजण सोडून पोट धरलं. कुणीतरी ओरडलं, "आणि मुंडी कधी?" आणि पुन्हा उकळी फुटली. मालकांचा चेहरा हलला नाही. हे होणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच ते बोलले होते.

एकटी गंगव्वा हसली नाही. तिनं विचारलं, "कुठली?"

"माझी," मालक म्हणाले. "न्हाणीची. रेडकाचं डोकं सरळ गेलंय, पण अंग आडवं फिरलंय. ढुंगण भिंतीला टेकलंय, गळा रांजणाच्या काठाला पीळ खातोय. मागं सरलं तर जसं गेलं तसं निघंल. पर सरायला जागा कुठाय? तुमाला खालनं शेपूट दिसतंय. मला अख्खं रेडकू दिसतंय."

आतून मालकीणबाई बाहेर आल्या. "अहो, न्हाणीची भिंत हाय ती. आंघोळ कुटं करायची?"

खाली एकजण हलला नाही, कारण ही खरी गोष्ट की सोंगाचा पुढचा भाग, हे अजून त्यांचं ठरत नव्हतं. मालक सज्जातून आत गेले. सगळ्यांना वाटलं, रागावून गेले. मग पुढच्या जिन्याचं दार आतून कुरकुरलं. कडी गंजली होती, ती निघता निघेना. मालक बाहेर आले ते हातात पहार घेऊन, एका हातानं भिंत धरत, एकेक पायरी आडव्या पावलानं उतरत. त्यांचे गुडघे धरलेले होते. इतके दिवस आम्ही त्यांना मिजासखोर म्हणत होतो, आणि कठड्याआडचे गुडघे कुणाला दिसले नव्हते. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

त्यांनी पहार उचलली आणि भिंतीत घातली. भिंत कच्च्या विटांची होती, पण माणूसही आता तसाच होता. चार घाव घालून त्यांना धाप लागली. तेव्हा दामू पुढं झाला आणि त्यानं त्यांच्या हातातली पहार घेतली. तो असा तुटून पडला की बघता बघता भिंतीला भगदाड पडलं, आणि आमचं न्हाणीघर, तांब्याचा बंब, शिकेकाईची वाटी आणि खुंटीवरचा मालकांचा पंचा, सगळं पेठेला दिसू लागलं. मालकीणबाई आत निघून गेल्या.

"आता ओढू नका," मालक म्हणाले. "नुसतं मागलं अंग फिरवा." गंगव्वानं आणि मी रेडकाला कमरेला धरून भगदाडाकडे वळवलं. ते सरळ झालं, दोन पावलं मागं सरून न्हाणीत गेलं, आणि डोकं आपसूक बाहेर आलं. रांजणाला साधा टवका गेला नाही. रेडकू बंबाशेजारी थरथरत उभं राहिलं, शिंकलं, आणि पुन्हा रांजणाकडे निघालं. गंगव्वानं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि मग त्याच्याच गळ्यात पडून ती रडायला लागली.

कुणी टाळी वाजवली नाही. मालक विटांच्या ढिगावर बसले होते, धोतरभर माती. जिना पुन्हा चढायचं बळ नव्हतं म्हणून बसले असावेत. लोक घरी जाईनात. मग अण्णा खाकरले आणि म्हणाले, "मालक, करडई आता घिऊ का पाऊस बघून घिऊ?" मालकांनी सांगितलं. लगेच न्हाव्यानं मेव्हण्याचं भांडण काढलं. वैद्यबुवांनी, आवाज खाली आणून, स्वतःच्या पोटदुखीचं विचारलं. गणपतीपासून साठलेलं सगळं त्या बोळात बाहेर पडलं. माणसं रांग लावून उभी होती आणि मालक एकेकाला उत्तर देत होते, निम्मी चूक, निम्मी बरोबर.

दामू सगळ्यांच्या मागं होता. त्याची पाळी आली तरी तो पहारीशी चाळा करत राहिला.

"बोल की," मालक म्हणाले.

"पोरगं," दामू म्हणाला. "चौथी झाली. घरात भागत न्हाय. मिलात घालू का शाळंत ठिवू? कुणालाच इचारता आलं न्हाय. कोण सांगंना."

मालकांनी लगेच तोंड उघडलं आणि मिटलं. दामूच्या विटकरीनं माखलेल्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मग ते ढिगावर जरा सरकले आणि त्यांनी बाजूच्या विटांवरची माती हातानं झाडली.

"मला ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "बस हितं. दोघं मिळून बघू."